आत्याबाईंची घोडी, सुखरामचा डोंगा

माझ्या सासूबाई घोडीवर बसायच्या. हे मी गोंदियाला माहेरी पहिल्यांदा सांगितलं तेव्हा माझ्या थोरल्या बहिणीने हातातली कढई खाली ठेवली आणि विचारलं, "बसायच्या म्हणजे? खुद?"

हो, खुद. लुगड्याचा कासोटा घट्ट मारून, डोईचा पदर दातात धरून, खोगिराच्या जागी दुमडलेली घोंगडी टाकून. तिरोड्याच्या बाजारात त्या घोडीवरून उतरल्या की मिरच्या मोजणाऱ्यांचे हात जागच्या जागी थांबायचे. गावात त्या राजकुमारीबाई, तलावाकाठच्या मासेमार धिवरांच्या टोलीवर, म्हणजे वस्तीत, पाटलीनबाई, आणि मी त्यांना आत्याबाई म्हणायचे. मी १९५४ साली लग्न होऊन या घरात आले. आमचे 'हे' तिरोड्याला शाळेत मास्तर, ते शनिवारी येत. राहिलेले सहा दिवस घरात मी, आत्याबाई, मामाजी आणि घोडी. घोडीची लीद काढायचं काम पहिल्याच आठवड्यात माझ्याकडे आलं, म्हणून सुरुवातीला मला त्या जनावराचं कौतुक कमी होतं, हे कबूल करून टाकते.

आम्ही पवार. आमचे पूर्वज माळव्यातून, धारेहून, घोड्यांवर बसून इकडे आले, हे आमच्या घरात जेवताना मीठ मागावं इतक्या सहज सांगितलं जाई. सांगणारे मामाजी, म्हणजे माझे सासरे ग्यानीराम पाटील. आणि गंमत अशी की मामाजी घोड्याला भीत. साधं भीत नव्हते, घोडीने नाक फुरफुरवलं की दोन पावलं मागे सरकत. घोडी आत्याबाईंची होती. त्यांच्या वडिलांनी लग्नात एक घोडी दिली होती, तिची ही लेक सोनकी, तेव्हा दहा वर्षांची. मालगुजारी, म्हणजे इकडची जमीनदारी, गेली तसे आसपासच्या मालगुजारांचे घोडेही एकेक करून गेले, आणि आमच्या गावात सोनकी ही एकच घोडी उरली. म्हणजे धारेची इज्जत आता तिच्या चार पायांवर उभी होती.

ती इज्जत वर्षातून एकदा बाहेर निघे, दसऱ्याला. आमच्या घरची रीत अशी की घरच्या बाईने घोडीचे खूर दूधपाण्याने धुवायचे, कुंकू लावायचं, मग घरच्या पुरुषाने तिच्यावर बसून तलावाच्या पाळीपर्यंत, म्हणजे बांधापर्यंत, जायचं आणि सोनं लुटून यायचं. मामाजी नवं धोतर नेसून, पागोटं बांधून, ओठ घट्ट मिटून घोडीवर बसत. लगाम आत्याबाईंच्या हातात असे. लोकांना वाटे, काय डौल आहे पाटलाचा! घोडीच्या मानेवरचे केस त्यांनी दोन्ही मुठींत किती आवळून धरलेत ते फक्त आम्हा दोघींना दिसे.

आता डोंग्याचं सांगते.

आत्याबाईंचं माहेर बोदलकशाच्या तलावाच्या पलीकडच्या काठावर. आमच्या पाळीवर उभं राहिलं की त्यांच्या भावाच्या, चैतरामच्या, घराजवळचा चिंचेचा शेंडा दिसे. पण जायचं तर तलावाला वळसा, तीन कोस, त्यातला निम्मा जंगलातून. आत्याबाई सोनकीवर बसून जात आणि दिवस त्यातच जाई. १९५७ च्या जानेवारीत सकाळीच निरोप आला की माय शेवटची आहे. आत्याबाई सोनकीवर घोंगडी टाकत होत्या, तेवढ्यात टोलीवरचा सुखराम धिवर दारात येऊन म्हणाला, "पाटलीनबाई, घोडीनं जाल तं दुपार होईल. डोंग्यात बसा, आत्ता पोचवतो."

डोंगा म्हणजे एका झाडाचं खोड कोरून केलेली होडी. आत्याबाई जन्मात कधी पाण्यात उतरल्या नव्हत्या. त्या बसल्या. अर्ध्या तासात पलीकडे पोचल्या, आणि त्यांची माय त्यांच्याशी दोन दिवस बोलून गेली. तेरवी उरकून परत आल्यावर त्या मला म्हणाल्या, "अठ्ठावीस वर्षं मी या पान्याकडं पाहून राहिली, मुन्नी. मले वाटे हे भिंत आहे. अन् हा तं रस्ता होता."

चार दिवसांनी त्या टोलीवर गेल्या. "सुखराम, मले वल्हं माराले शिकव."

सुखराम जाळं झटकत होता, तो थांबला. "कायले बाई? तुमच्याकडं घोडी आहे न?"

"घोडी जमिनीवर चालते. मले पान्यावर चालाचं आहे."

चव्वेचाळीस वर्षांची बाई, नातू व्हायचं वय, आणि सकाळी उठून डोंगा वल्हवायला शिकते! पहिल्या आठवड्यात डोंगा जागच्या जागी गोल फिरायचा आणि काठावरच्या धुणं धुणाऱ्या बाया पदर तोंडात कोंबून हसायच्या. दुसऱ्या आठवड्यात त्या डोंग्यासकट उलटल्या. सुखरामने बाहेर काढलं, तर नाकातोंडातलं पाणी पुसत म्हणतात कशा, "आता पोहाले पन शिकव." सुखरामच्या बायकोने, शकुंतलाने, त्यांना कमरेएवढ्या पाण्यात हात मारायला शिकवलं. होळीपर्यंत आत्याबाई एकट्या तलावाच्या मध्यापर्यंत जाऊन येऊ लागल्या. परत येताना त्यांचा चेहरा उन्हाने लाल झालेला असे आणि त्या इतक्या खूश असत की मलाच राग येई. पुढे १९६० च्या उन्हाळ्यात तर मध काढणाऱ्यांबरोबर त्या नागझिऱ्याच्या जंगलातही जाऊन आल्या, पण सुरुवात ही अशी पाण्यातून झाली.

मामाजींना यातलं काही माहीत नव्हतं. ते पहाटे शेतावर जात ते दहाला परतत. त्यांना सांगितलं मी. चुगली केली म्हणा ना. सासू पाण्यावर हिंडते आणि सून लीद काढते, याचा मला वीट आला होता. मामाजींनी भाताचा घास खाली ठेवला. "धिवराच्या डोंग्यात? पाटलाची बाई?" पण आत्याबाई समोर आल्या तेव्हा ते एवढंच बोलले, "संभाळून जात जा." तेव्हा मला मामाजींचाही राग आला.

भानगड झाली श्रावणात. एरवी अंघोळ करून जाणाऱ्या आत्याबाई त्या दिवशी तलावावरून थेट गोठ्यात गेल्या आणि मासोळीचा वास लागलेल्या ओल्या हातांनीच सोनकीचा दोर सोडला. सोनकीने त्यांचा हात हुंगला. तिचे कान मागे पडले, डोळ्यातलं पांढरं दिसलं, आणि एका हिसक्यात दोर सोडवून ती पळाली. पळाली ती शेजारच्या खेमराजच्या बांधीतून, जिथे भाताचा रोवणा, म्हणजे लावणी, होऊन आठच दिवस झाले होते. चार माणसं धावली तेव्हा ती हाती लागली, तोवर अर्धी बांधी चिखल झाली होती. मामाजींना खेमराजच्या दारात हात जोडून उभं राहावं लागलं. आणि गाव हसलं ते वेगळंच: पाटलाच्या घोडीला पाटलीणीचा वास येत नाही, मासोळीचा येतो!

त्या दिवसापासून सोनकी त्यांना अंगाला हात लावू देईना. मी वैरण टाकली तर खाई, आत्याबाई आल्या की दोर ताणून भिंतीला चिकटे. तेरा वर्षं त्यांच्या हातून हरभरे खाल्लेलं जनावर ते. आत्याबाई गोठ्याच्या दारात उभ्या राहायच्या आणि तशाच परत यायच्या. ते मला बघवत नव्हतं, आणि तरी दोष मी त्यांनाच देत होते.

आठवड्याने मामाजींनी निकाल दिला. लक्ष्या म्हणजे आमचे 'हे'. "लक्ष्याची माय, घोडी होती, तेवढं मी सोसलं. आता डोंगा. दोन्ही जमनार नाही. एक ठेव."

"मी दोन्ही ठेवीन."

"कशी ठेवशील? ते तुले जवळ येऊ देत नाही. दसऱ्याले मले पाडलं तं?" मग म्हणाले, "दसऱ्याच्या दिवशी ते तुझ्या हाताखाली सरळ उभी राहिली, तं दोन्ही ठेव, मी बोलनार नाही. नाही राहिली तं शामलालले देऊन टाकतो."

श्यामलाल गोंदियाच्या स्टेशनवर टांगा हाकायचा. त्याचा घोडा उन्हाळ्यात मेला होता. टांग्याच्या घोड्यांची पाठ कशी असते ते मी लहानपणापासून रोज पाहिलेलं. लगामाने सोललेली तोंडं, जोताखालच्या जखमा, त्यांवर बसलेल्या माश्या. सोनकी तिथं जाणार, हे ऐकल्यावर पहिल्यांदा मी डब्यातले मूठभर हरभरे चोरून बाजूला काढले. ज्या घोडीची लीद काढताना मी रोज बोटं मोडायचे, तिच्यासाठी.

मी आत्याबाईंना म्हटलं, "सोडा न तो डोंगा. महिनाभरात वास जाईल, घोडी राहील."

त्या तांदूळ निवडत होत्या. म्हणाल्या, "राहील. पन मंग मी रोज तिच्या तोंडाकडं पाहीन अन् मनात म्हनीन, तुझ्यापायी मी डोंगा सोडला. असं मनात ठेवून कोनाले पोसू नाही, मुन्नी. ना जनावराले, ना लेकराले."

 मीही अशीच काही काही मनात ठेवून तीन वर्षं वाढप करत होते.

मग आमचा धुण्याचा कार्यक्रम सुरू झाला. आम्हा दोघींना वाटलं, वास गेला की झालं. राखेने हात घासले, रिठ्याने केस धुतले, कडुनिंबाच्या पाण्याने अंघोळ झाली. मी तर त्यांना उदाची धुरीसुद्धा दिली, बाळंतिणीला देतात तशी. आणि प्रत्येक वेळी सोनकी आणखी बिथरली. बिचारीला काय कळणार! आज राख, उद्या रिठा, परवा उद. तिच्या लेखी रोज एक नवीच बाई गोठ्यात येत होती. आम्ही पवारांच्या बाया, काहीही अडलं की पहिलं घासायला घेतो. भाद्रपद संपत आला, दसरा वीस दिवसांवर, आणि आत्याबाईंच्या हातांची सालं निघायला लागली.

ते हात पाहून सुखरामच बोलला. "पाटलीनबाई, मासोळीचा वास धुतल्यानं जात नाही. माझी शकुंतला लग्न होऊन आली तवा नदीपारच्या शेतकऱ्याच्या घरची. पंधरा दिवस तिले उलट्या. माझी माय म्हने, बाई, तू घरात बसून नाक दाबशील तं वर्षभर उलट्या होतील. चल, जाळं विनाले बस. बसली. वास गेला नाही, तिले आपला वाटाले लागला."

आत्याबाई तशाच उठल्या आणि घरी आल्या. मला म्हणाल्या, "सोनकीचा दोर तू धर. ते तुले भेत नाही. तलावावर चल."

म्हणजे या प्रकरणात अखेर मलाही ओढलंच! वीस दिवसांपैकी दहा दिवस मी रोज सकाळी सोनकीला पाण्यावर नेत होते. पहिल्या दिवशी ती काठापासून लांब थांबली. आत्याबाई डोंग्यात बसून राहिल्या, तिच्याकडे बघितलंसुद्धा नाही. डोंग्याच्या कडेवर भिजवलेले हरभरे ठेवले होते. तिसऱ्या दिवशी सोनकी गुडघाभर पाण्यात आली. पाचव्या दिवशी तिने डोंग्याच्या कडेवरचे हरभरे खाल्ले. ज्या लाकडावर मासोळ्यांचा ढीग पडायचा, तेच लाकूड चाटून चाटून साफ केलं. सातव्या दिवशी आत्याबाईंनी डोंगा जरा आत नेला आणि सोनकी पोटापर्यंत पाण्यात शिरली. मग तिचे पाय सुटले आणि ती पोहायला लागली. मी काठावर दोन्ही हातांनी तोंड दाबून उभी. मान वर, नाकपुड्या फुललेल्या, आणि फुर्र फुर्र करत ती डोंग्याभोवती एक फेरी मारून आली. बाहेर आल्यावर तिचंच अंग शेवाळ आणि मासोळ्यांनी घमघमत होतं. आत्याबाई जवळ गेल्या. तिने त्यांचा हात हुंगला, मग खांदा, मग नेहमीसारखं त्यांच्या कुशीत तोंड खुपसलं. आत्याबाई रडल्या. मीही रडले, आणि वर म्हटलं, "आता हिला धुणार कोण? मीच ना?"

पण हे सगळं काठाजवळ. मध्यावरच्या खोल पाण्यात सोनकी कधी गेली नव्हती. नवरात्रात आत्याबाई माहेरी गेल्या, मायच्या पश्चात पहिलं नवरात्र म्हणून. सोनकीवर बसून, रस्त्याने गेल्या. चैतराममामांनी यंदाच स्वतःचा डोंगा घेतला होता, तोच घेऊन तिकडच्या काठावरही सोनकीला शिकवायचं त्यांच्या मनात होतं. दसऱ्याच्या सकाळी येते म्हणाल्या.

आणि दसऱ्याच्या आधी तीन दिवस हस्ताचा पाऊस कोसळला.

दसऱ्याला ऊन पडलं. श्यामलाल सकाळीच हजर, खांद्यावर नवा कोरा दोर. मी त्याला पोहे दिले, मग चहा, मग परत पोहे. मामाजी नवं धोतर नेसून, पागोटं बांधून ओसरीवर बसले होते. दुधाचा तांब्या आणि कुंकवाची वाटी अंगणात मांडून ठेवली होती, घोडी नव्हती. दहा वाजले. जंगलाकडून आलेल्या एका गाडीवानाने सांगितलं, तिकडच्या रस्त्यावरच्या नाल्याला गाडी बुडेल इतकं पाणी आहे, आज कोणी येत नाही.

"तो पाटिल साहब," श्यामलाल म्हणाला, "मैं घोड़ी कल ले जाऊँ?"

मामाजी उठले आणि सरळ तलावाच्या पाळीकडे चालू लागले. त्यांच्या मागे मी, श्यामलाल, आणि दसऱ्याच्या पोशाखातलं अर्धं गाव. सुखराम पाळीवर आधीच उभा होता, डोळ्यांवर हात धरून.

भरलेल्या तलावात लांबवर एक डोंगा दिसत होता. त्याच्या मागे पाण्यावर एक छोटं काळं काहीतरी.

"लाकूड वाहून येऊन राहिलं," कोणीतरी म्हणालं.

"लाकडाले कान नसते," मामाजी म्हणाले. त्यांचा आवाज फाटला होता.

डोंगा जवळ आला तशा आत्याबाई ओळखू आल्या, एकट्याच, कासोटा मारलेला, वल्हं एका लयीत चाललेलं. मागे सोनकीचं डोकं. तलावाच्या ऐन मध्यावर ते डोकं थांबलं. मग हळूहळू वळायला लागलं, आलेल्या काठाकडे. परत जायचं तर तेवढंच पाणी, पुढे यायचं तर तेवढंच, आणि घोडी दमलेली.

"दोर ओढ! दोर ओढ म्हना तिले!" मामाजी सुखरामच्या दंडाला धरून ओरडले.

"दोर नाही बांधला, मालक," सुखराम म्हणाला. "शहानी आहे बाई. बांधला असता तं घोडी बुडताना डोंगा पन नेते."

मामाजींनी सुखरामचा दंड सोडला नाही. आमच्या दोघींनाच माहीत असलेल्या त्या दोन मुठी आज सगळ्या गावाला दिसत होत्या. ते पुटपुटले, "घोडी जाऊ दे. तू ये. तू ये न बाई."

आत्याबाईंनी वल्हं आत घेतलं. वळून बसल्या. एक हात पाण्यात सोडला, पाण्यावर हळूहळू थापट्या मारल्या, गोठ्यात तिच्या मानेवर मारायच्या तशा. पाण्यावरून आवाज स्पष्ट येत होता. "ये माय. ये सोनकी. मी आहे न अथी." ओरडल्या नाहीत, घाई केली नाही. किती वेळ गेला देव जाणे. सोनकीचं डोकं फिरलं आणि त्या हाताकडे येऊ लागलं. तिने हात हुंगला. आत्याबाईंनी दुसऱ्या हाताने तिच्या कपाळावरचं पाणी निपटलं, मग वल्हं उचललं आणि अगदी सावकाश, घोडीच्या दमाने, डोंगा आमच्याकडे आणला.

 सोनकी काठाला लागली, थरथरत बाहेर आली आणि असं अंग झटकलं की मामाजींच्या नव्या धोतरावर शेवाळ उडालं. ते दोन पावलं मागे सरकले नाहीत. आत्याबाई डोंग्यातून उतरल्या, त्यांचे तळहात फुटले होते. त्यांनी नुसता हात पुढे केला आणि सोनकी त्या हाताखाली येऊन सरळ उभी राहिली.

श्यामलालने खांद्यावरचा दोर गुंडाळला. "पाटिल साहब, जो घोड़ी नाव के पीछे चलती है, वो टांगे के आगे क्या चलेगी!" असं म्हणून तो हसला आणि तिरोड्याच्या रस्त्याला लागला. तो चांगला माणूस होता, मीच त्याला दोनदा पोहे खाऊ घालून वर मनातल्या मनात शिव्या दिल्या होत्या.

मी धावत जाऊन दुधाचा तांब्या आणि कुंकू आणलं. खूर धुवायला आत्याबाई वाकल्या, तर मामाजींनी तांब्या त्यांच्या हातातून घेतला. घराची रीत मोडून, घोड्याला भिणाऱ्या त्या माणसाने सोनकीचे चारही खूर स्वतः धुतले, गावासमोर. नंतर तशाच ओल्या हातांनी आत्याबाईंच्या तळहातांवरही उरलेलं दूधपाणी घातलं. मान खालीच होती.

मग ते घोडीवर बसले. ओल्या पाठीवर घोंगडीही नव्हती. दोन्ही मुठींत केस धरले. आत्याबाईंनी लगामाला हात घातला आणि खालून म्हणाल्या, "डोंग्यातही बसून पाहा एकदा. तवाच कळल तुमाले, मले दोन्ही काऊन पाह्यजे ते."

सोनकीने नाक फुरफुरवलं. मामाजींनी डोळे घट्ट मिटले, मुठी आणखी आवळल्या आणि म्हणाले, "आज घोडी. डोंगा उद्या."